ओकच्या काड्या आणि बरणीतली दारू: अनुभव, चुका, शंका

हॅमिल्टनचा_बाळू (धागाकर्ता)

मंडळी, घरच्या वाइनच्या धाग्यावर मी मध्येच ओकच्या लाकडाचा विषय काढला आणि जांभळाची वाइन राहिली बाजूला. म्हणून हा वेगळा धागा.

आधी कायद्याचं उरकतो, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद त्यातच जातील. मी न्यूझीलंडमध्ये राहतो. इथे १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा आहे. विकली की गुन्हा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे, तेव्हा हे वाचून कोणी गच्चीवर कुकर चढवू नये. गाळायची कृती मी इथे देणार नाही, विचारूही नये. हा धागा त्याच्या पुढचा: पाण्यासारखी स्वच्छ, पांढरी, कडक दारू बरणीत आहे. तिला रंग, वास आणि थोडा शहाणपणा कसा आणायचा?

पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगतो. घरी बिअर-वाइन करणाऱ्यांच्या दुकानातून भाजलेल्या ओकच्या ढलप्यांची पिशवी आणली. एक लिटरच्या बरणीत चांगल्या ३० ग्रॅम ओतल्या, झाकण लावलं आणि सात आठवडे सांगलीला सुट्टीवर गेलो. चौथ्या दिवशीच तिला सुरेख सोनेरी रंग आला होता, त्यामुळे विमानात बसताना मी भलताच खुशीत होतो. परत आलो तर बरणीत आयोडीन. घोट घेतला आणि जीभ टाळूला चिकटली. कात खाल्लाय कधी नुसता? विड्यातला नव्हे, नुसता खडा? तसं. त्यात जळक्या पाटाची चव. मित्राला दिलं, तो म्हणाला, "बाळ्या, हे दाताला लाव, हिरड्या घट्ट होतील."

माझे आजोबा सुतार. त्यांच्या नातवाला एवढं कळायला हवं होतं की ढलपी आणि फळी एकच लाकूड असलं तरी वागणूक वेगळी.

मग हिशोब मांडला. बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) मुरवायचं २०० लिटरचं ओकचं पिंप घेतलं, तर आतल्या दारूला लिटरमागे साधारण ९० ते १०० चौरस सेंटिमीटर लाकूड भेटतं. दोन बाय दोन बाय दहा सेंटिमीटरची एक काडी घ्या: चार बाजू मिळून ८०, दोन टोकं मिळून ८, एकूण ८८. म्हणजे लिटरला एक काडी आणि मोठं पिंप, हिशोब जवळपास तोच. माझ्या ३० ग्रॅम ढलप्या दोन मिलिमीटर जाडीच्या धरल्या तर सव्वाचारशेच्या वर जातात. शिवाय ढलपीला सगळीकडून उघडे रेषे असतात, दारू सरळ आत शिरते. पिंपात ती फळीच्या आडव्या अंगाने हळूहळू मुरते.

आता माझी पद्धत अशी. काडी अॅल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळून ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास. घरभर नानकटाईचा वास सुटतो (बायको दरवेळी आशेने स्वयंपाकघरात येते आणि कपाळावर हात मारून परत जाते). मग काडीची एकच बाजू ब्लोटॉर्चने काळी करायची. काचेची बरणी, दारू ६० टक्क्यांच्या आसपास, लिटरला एक काडी. आठवड्यातून एकदा झाकण उघडून दोन मिनिटं वारा द्यायचा, चमचाभर काढून, पाणी घालून चव बघायची. चव अजून थोडी कमीच आहे असं वाटतं, तेव्हा काडी बाहेर. ‘आता बरोबर झाली’ वाटेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. काडी काढल्यावर बरणी अंधारात दोन-तीन महिने नुसती ठेवायची.

६० टक्के म्हणजे चक्क पेट घेणारी वस्तू. गॅसजवळ नको, प्लॅस्टिकच्या बरणीत तर नकोच.

तुमचे अनुभव टाका. वाइनवाले, फेणीवाले, सगळे चालतील.

---

सदाशिव_पेठी

शीर्षक वाचून वाटलं आमच्या शेजारच्या ओकांबद्दल आहे. त्यांना पिंपात घातलं तर तुरटपणा नक्की उतरेल.

बाकी ज्या पेयात घालायच्या लाकडाचं नावच ‘ओक’ आहे, ते बेताने घ्यावं. पुढची क्रिया नावातच सांगितली आहे.

---

निवांत_नाना

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

---

रसायनी

चांगला धागा. थोडं रसायनशास्त्र, कंटाळा आला तर खाली सरका.

लाकडात मुख्य तीन गोष्टी: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन. सेल्युलोज आपल्या कामाचं नाही, ते सांगाडा धरून उभं असतं. हेमिसेल्युलोज भाजलं की तुटतं, त्यातल्या साखरा करपतात. बाळूंच्या घरातली नानकटाई ती हीच. लिग्निन तुटलं की व्हॅनिलिन मिळतं, व्हॅनिला आइस्क्रीमचा वास ज्याने येतो तेच. आणखी तापवलं की लवंगेसारखा, धुरासारखा वास देणारी मंडळी येतात. लवंगेत जे युजेनॉल असतं ते ओकमध्येही थोडं असतं, त्यामुळे ‘लवंगेसारखा’ ही नुसती उपमा नाही.

चौथी गोष्ट ओक लॅक्टोन. याला ओल्या खोबऱ्याचा वास. अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये भरपूर, युरोपियनमध्ये कमी. युरोपियनमध्ये त्याऐवजी टॅनिन जास्त, म्हणजे तुरटपणा जास्त. बर्बन पिताना खोबऱ्याच्या वडीची आठवण आली तर ती चढल्यामुळे नव्हे.

भाजण्याने कच्चं टॅनिन कमी होतं. बाळू, तुमच्या ढलप्या हलक्या भाजलेल्या असणार असा अंदाज. वरचा काळा थर म्हणजे कोळसा. तो चव देत नाही, उलट नव्या दारूतले गंधकाचे वाईट वास शोषून घेतो.

आणि ६० टक्के का? अल्कोहोलला काही द्रव्यं लवकर निघतात (लॅक्टोन त्यातलं), पाण्याला काही (साखरा, टॅनिन). पाणी वाढवलं की तुरट-गोड बाजू वाढते. बर्बनवाल्यांना तर कायद्यानेच पिंपात ६२.५ टक्क्यांपेक्षा कडक दारू भरता येत नाही.

हे सगळं म्हणजे *निघणं*. ते काडीने काही आठवड्यांत होतं. दुसरी गोष्ट *मुरणं*: हवेतला थोडा थोडा ऑक्सिजन आत जातो, अल्कोहोलचं आम्ल होतं, आम्ल आणि अल्कोहोल मिळून एस्टर बनतात, फळांचे वास येतात. याला दिवस लागतात आणि त्यावर काडीचा काही इलाज नाही. लोणचं घातल्या दिवशी तिखट-मीठ बरोबर असतं, तरी ते लोणचं नसतं, तसं.

---

हॅमिल्टनचा_बाळू

रसायनी, लोणच्याबद्दल साष्टांग नमस्कार. हलक्या भाजलेल्याच होत्या, पिशवीवर लिहिलं होतं. मला वाटलं ‘हलकं’ म्हणजे सौम्य चव.

---

सदाशिव_पेठी

म्हणजे थोडक्यात, चहाची पुरचुंडी बुडवून व्हिस्की. तीन वर्षांचं काम तीन आठवड्यांत. आम्ही याला शॉर्टकट म्हणतो.

---

द्राक्षबागायत

नाशिकहून. वाइनरीत तळघर सांभाळतो, नाव विचारू नका.

पेठी, पुरचुंडीला हसू नका, आमच्याकडे अक्षरशः तशीच पिशवी असते. स्टीलच्या टाकीत ओकच्या फळ्या किंवा जाळीच्या पिशवीत ढलप्या सोडतात. युरोपातही २००६ पासून वाइनला ढलप्या चालतात. लपवण्यासारखं काही नाही, फक्त बाटलीवर पिंपाचं चित्र छापू नये एवढंच.

आमची फ्रेंच पिंपं २२५ लिटरची. पहिल्या वर्षी लाकूड बोलतं, दुसऱ्या वर्षी कुजबुजतं, चौथ्या वर्षी ते नुसतं भांडं. मग ती विकली जातात, अर्धी कापून रिसॉर्टवाले त्यात जास्वंद लावतात.

हे मुद्दाम सांगतोय, कारण दर वर्षी कोणीतरी ‘जुन्या पिंपाची फळी मिळेल का, दारूत घालायचीय’ म्हणून येतो. बाबांनो, त्या फळीत वाइन सात-आठ मिलिमीटर आत मुरलेली असते, बरीचशी आंबट झालेली. रिकामं पिंप टिकावं म्हणून आत गंधक जाळलेलं असतं. बाहेरून बुरशी. घ्यायचीच असेल तर दोन्ही बाजू रंधून, आतलं कोरं लाकूड लागेपर्यंत तासून मगच भाजा. उरली तर काडी, नाहीतर भुसा.

आणखी एक. ओक तोडला की लगेच पिंप होत नाही. फळ्या उघड्यावर दोन-तीन वर्षं ऊन-पावसात रचून ठेवतात, तेव्हा त्यातला कडूपणा पावसाने धुऊन जातो. भट्टीत झटपट वाळवलेलं फर्निचरचं लाकूड म्हणून चालत नाही. ते सुकलेलं असतं, निवलेलं नसतं.

---

हॅमिल्टनचा_बाळू

द्राक्षबागायत, हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं! आमच्या जवळ केंब्रिज नावाचं गाव आहे, तिथे इंग्रजांनी लावलेले मोठाले ओक आहेत. एका वादळात ओळखीच्या माणसाच्या अंगणातली फांदी पडली. मी गाडी घेऊन हजर. घरी आणून कापली, आठवडाभर वाळवली, भाजली, बुडवली. दोन दिवसांत दारूला ओल्या गोणपाटाचा वास. उरलेले ओंडके गॅरेजच्या मागे पावसात रचलेत. तिसरा पावसाळा चालू आहे. घरच्यांच्या मते ते सरपण आहे.

---

ठाण्याची_मामी

मी पीत नाही, पण हा धागा वाचून मला राहवलं नाही. आमच्या यांनी लॉकडाऊनमध्ये हेच केलं होतं! दुकानातली व्होडका आणि कोपऱ्यावरच्या गोदामाबाहेर पडलेल्या पॅलेटची पट्टी. ‘परदेशी माल आलाय त्यावर, म्हणजे ओकच असणार’ हे यांचं तर्कशास्त्र. पट्टी गॅसवर भाजली, बाटलीत खुपसली. दुसऱ्या दिवशी त्या बाटलीला जो वास येत होता, तो मी सांगते: रंगाऱ्याचा डबा. टर्पेंटाइन. यांनी तरी अर्धा पेग ओठाला लावलाच, पैसे दिले होते ना. रात्रभर ढेकर.

ती बाटली मग खिडक्यांच्या जाळ्या पुसायला वापरली. जाळ्या मात्र लख्ख निघाल्या.

---

हॅमिल्टनचा_बाळू

मामी, यांना सांगा की थोडक्यात निभावलं. पॅलेट बहुतेक पाइनचे असतात, पाइनमध्ये राळ असते, टर्पेंटाइन त्यातूनच निघतं. वासाचं नाक तुमचं अचूक. खरी भीती वेगळीच. पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, म्हणजे विष. आणि शिक्का काहीही असो, त्यावर आधी काय सांडलं होतं ते कोण सांगणार? रंगवलेलं, पॉलिश केलेलं, वाळवीचं औषध मारलेलं, कुठलंच लाकूड नको. खाण्यापिण्यासाठी म्हणून विकलेला ओकच घ्यायचा.

---

निवांत_नाना

रुमालाच्या जागी आलो. प्रश्न: ओकच का? आपल्याकडे साग आहे, शिसव आहे, फणस आहे.

---

द्राक्षबागायत

दोन कारणं. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या नळ्या झाड स्वतःच आतून बुजवून टाकतं, त्यामुळे पिंप गळत नाही. लाल ओकच्या नळ्या उघड्या असतात, त्याच्या तुकड्यातून पाण्यात फुंकर मारलीत तर बुडबुडे येतात. दुसरं, ओक वाफेवर किंवा आगीवर वाकतो. साग तेलकट, त्याचा वास दारूत उतरला तर बोटीवर बसल्यासारखं वाटेल.

बरणीत काडीच घालायची असेल तर गळण्या-वाकण्याचा प्रश्न नाही, हे खरं. ब्राझीलमध्ये ‘कशासा’ नावाच्या उसाच्या दारूला अंबुराना, बाल्सम अशी कितीतरी देशी लाकडं वापरतात, फणसाचंसुद्धा. पण तिथे त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. आपण उठून कुठलंही झाड दारूत घालू नये, दारू लाकडातलं चांगलं-वाईट सगळंच ओढून घेते.

---

बांद्याचो_बाबू

मेल्यांनो, फेणीत लाकूड कित्याक घालतास?

आता तुमच्या भाषेत सांगतो. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते तिच्या त्या वासासाठी, जो तुम्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना सहन होत नाही. झाडाखाली *पडलेली* बोंडं गोळा करायची, तोडायची नाहीत. तुडवून रस काढायचा, आंबवायचा, मग पहिल्या धारेचा हुर्राक, पुढे फेणी. मुरवायची तर काचेच्या मोठ्या बरण्यांत. चांगली फेणी पांढरीच. पिवळी फेणी दिसली की आमचा आजा बाटली उजेडात धरून विचारायचा, "ह्यात काय घातलंस?"

ओकचं काम वास झाकण्याचं. ज्या दारूला स्वतःचा वासच नाही तिला घाला.

---

हॅमिल्टनचा_बाळू

बाबू, मान्य. मागच्या खेपेला आणलेल्या फेणीत मी पाव काडी टाकून पाहिली होती. सहा दिवसांत काढली. एकाच खोलीत दोन सासवा. काजू म्हणतो मी, व्हॅनिला म्हणते मी. उरलेली फेणी लिंबू-मीठ-मिरची घालून संपवली.

उसाच्या पांढऱ्या रमला मात्र ओक छान लागतो. भारतातल्या मित्रांनी दुकानातल्या पांढऱ्या रमवर करून बघायला हरकत नाही. ती ४२.८ टक्के असते, म्हणजे तुरटपणा लवकर उतरेल. ७५० मिलिलिटरला अर्धी काडी, पाचव्या दिवसापासून रोज चव.

---

केंटकीतली_काकू

लुइव्हिलहून. पाहुणे आले की बर्बनची वखार दाखवायला न्यावंच लागतं, आतापर्यंत नऊ वेळा झालंय, भाषण पाठ आहे.

पिंप आतून पेटवतात ते बघण्यासारखं. सर्वांत जास्त जाळलेलं पिंप जेमतेम ५५ सेकंद आगीवर असतं, तेवढ्यात आतलं लाकूड मगरीच्या पाठीसारखं तडकतं. कापलेल्या फळीत काळ्या थराच्या खाली लालसर रेघ दिसते. दारू तिथपर्यंत जाऊन परत येते. उन्हाळ्यात फुगून लाकडात शिरते, थंडीत आक्रसून बाहेर पडते. वखारीच्या वरच्या मजल्यावर घाम निघतो, तळमजल्यावर शाल लागते, आणि दोन्हीकडची दारू वेगळी. बर्बनला दर वेळी नवंकोरं पिंपच लागतं. एकदा वापरलं की ते निघालं स्कॉटलंडला.

माझ्या नणंदेने भाषण ऐकून विचारलं, "मग यांना एवढा उन्हाळा चालतो तर हे विदर्भात का येत नाहीत?" मार्गदर्शक बिचारा नुसता हसला.

---

रसायनी

नणंदेचा प्रश्न फार मोलाचा आहे. बंगळुरूत ‘अमृत’ कंपनीची सिंगल माल्ट व्हिस्की मुरते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के दारू उडून जाते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूत तो १० ते १२ टक्के. तिथे चार-पाच वर्षांत पिंपाचा जवळजवळ निम्मा माल नैवेद्यात जातो, पण तेवढ्यात लाकूडही भरभरून उतरतं. २००४ मध्ये त्यांनी ती व्हिस्की नेली ती थेट ग्लासगोला, हे धाडस मला आवडतं.

पण उष्णतेने *निघणं* जितकं वाढतं तितक्या प्रमाणात *मुरणं* वाढत नाही. म्हणून उष्ण प्रदेशात पिंपातून वेळेवर बाहेर काढणारा माणूस लागतो. विदर्भात तर तो पिंपाशेजारी खाट टाकूनच झोपेल.

पाच लिटरचं शोभेचं पिंप घेऊ पाहणाऱ्यांसाठी तेच. आकार छोटा झाला की लिटरमागे लाकूड सव्वातीन-साडेतीन पट होतं. पहिली भरणी काही आठवड्यांतच तपासा.

---

सदाशिव_पेठी

म्हणजे तीन वर्षांचा हट्ट स्कॉटलंडचा, आणि तो हवामानाचा आहे तर. बरं. हे मी मान्य करतोय याची नोंद घ्यावी.

---

द्राक्षबागायत

नोंद घेतली. स्कॉचचा नियम: ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेलं ओकचं पिंप, किमान तीन वर्षं, आणि तेही स्कॉटलंडमध्येच. ‘कंपास बॉक्स’ या स्कॉच कंपनीने २००५ मध्ये स्पाइस ट्री नावाची व्हिस्की काढली. पिंपाच्या आत चांगल्या फ्रेंच ओकच्या जादा फळ्या अडकवल्या होत्या. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने हरकत घेतली, ही पारंपरिक पद्धत नव्हे म्हणून. उत्पादन बंद. २००९ मध्ये ती परत आली, फळ्यांऐवजी पिंपाच्या दोन्ही बाजूंची झाकणंच त्या फ्रेंच ओकची करून. लाकूड तेच, दारू तीच, फक्त आता ते लाकूड पिंपाचा *भाग* होतं. वकिलांची चव वेगळी असते.

---

ठाण्याची_मामी

यांनी धागा वाचला. ‘म्हणजे माझी पद्धत बरोबर होती, लाकूड चुकलं’ असं म्हणतायत. बाळू, तुम्हाला काय पाप लागेल ते बघा.

---

हॅमिल्टनचा_बाळू

(महिन्याभराने) वर काढतोय.

दोन बरण्या लावल्या होत्या. एकीत अमेरिकन काडी, दुसरीत फ्रेंच. अमेरिकन विसाव्या दिवशी काढली, फ्रेंच तेराव्या, ती झपाट्याने तुरट होत चालली होती. तासगावहून बाबा आलेत. त्यांच्यापुढे दोन्ही ठेवल्या, पाणी घालून ४२ टक्क्यांवर आणून. बाबांनी दारूऐवजी आधी बरणीतून काढलेली काडी हातात घेतली, नखाने टोकाचे रेषे बघितले, हुंगली, म्हणाले, "गाभ्यातली आहे. कुणी कापलीय? कापणाऱ्याला अक्कल होती." मग अमेरिकनचा एक घोट. "खोबरं घातलंयस का?"

रसायनी, मी त्यांना तुमचा प्रतिसाद दाखवलेला नाही, शपथ.

वापरलेल्या काड्या टाकू नका. बाबांनी त्या वाळवून अंगणातल्या बार्बेक्यूत घातल्या आणि वर वांगी भाजली.

---

निवांत_नाना

दारूचं राहू द्या. भरताला चव आली का?

---

हॅमिल्टनचा_बाळू

धूर सुरेख उतरला होता, नाना. पण वांगं इथलं. बाबा म्हणाले, पुढच्या वेळी लाकूड तुमचं ठेवा, वांगी मी जळगावची आणतो. विमानतळावर अडवतात हे सांगितलं तर म्हणाले, "काजू फेणी आणू देतात आणि वांगं नाही?"